नारळ, राळ आणि आमची डॉल्फिन

भंगारवाल्याइतका निःपक्षपाती टीकाकार मराठी साहित्यातही सापडायचा नाही. पितळेला तो पितळ म्हणतो, लोखंडाला लोखंड म्हणतो आणि तुमच्या आठवणी वजनकाट्यावरून हळूच खाली उतरवून ठेवतो. २०२४ च्या मे महिन्यात असाच एक टीकाकार मालवणला आमच्या खळ्यात आला, अण्णांच्या मोटारीभोवती त्याने एक प्रदक्षिणा घातली आणि निकाल दिला, "इंजिनाचे आणि खालच्या सांगाड्याचे काय ते देतो. वरच्या अंगाला किंमत नाही. उलट ते फोडून न्यायची मजुरी तुम्हीच द्यायला पाहिजे."

अण्णांना हा आपला अपमान वाटला. पण गृहस्थ बोलत होता ते शंभर टक्के खरे होते. मोटारीचे वरचे अंग फायबरग्लासचे. पत्रा वितळवून त्याचा पुन्हा पत्रा करता येतो, प्लॅस्टिकची बादली वितळवून तिचा मग करता येतो. परंतु काचेचे तंतू ज्या रेझिनात बसवलेले असतात ते रेझिन एकदा घट्ट झाले, की पुन्हा पातळ होत नाही. आंबोळी एकदा तव्यावर पडली की तिचे पुन्हा पीठ होत नाही, तसेच हे. त्याला तापवले तर ते वितळण्याऐवजी करपते. तेव्हा फायबरच्या मोटारीपुढे दोनच रस्ते उरतात. तिने दुरुस्त तरी व्हावे, नाही तर उकिरड्यावर तरी जावे.

आता ही मोटार कोणती, हे सांगितले पाहिजे, कारण तिशीच्या आतल्या वाचकांनी तिचे नावही ऐकले नसेल. तिचे नाव सिपानी डॉल्फिन. इंग्लंडात टॅमवर्थ गावी रिलायंट नावाचा कारखाना होता. तीनचाकी मोटारींसाठी तो प्रसिद्ध. १९७५ साली त्याने किटन नावाची चारचाकी छोटी मोटार काढली, आणि १९८२ साली तिकडे ती बंद पडली, तेव्हा तिचे चंबूगबाळे बंगलोरला आले. तिथे तिचे डॉल्फिन झाले. दोन दरवाजे, ८४८ घनसेंटिमीटरचे ॲल्युमिनियमचे इंजिन, खाली पोलादी सांगाडा आणि वर हाताने घडवलेले फायबरचे अंग. वजनाला इतकी हलकी, की दक्षिणेतल्या मोटार-शर्यतींत तिने चांगले नाव काढले. परंतु सामान्य गिऱ्हाइकाला 'प्लॅस्टिकची मोटार' ही कल्पनाच रुचेना. त्यात १९८३ च्या डिसेंबरात मारुती रस्त्यावर आली, आणि पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे.

आमची डॉल्फिन १९८४ सालची. अण्णांनी ती १९९० साली बेळगावच्या एका व्यापाऱ्याकडून जुनी म्हणून घेतली. प्राथमिक शाळेच्या मास्तराला परवडेल अशी तीच एक मिळाली, हे एक कारण. आणि मालवणच्या खाऱ्या वाऱ्यात पत्र्याच्या मोटारी चार-पाच पावसाळ्यांत चाळणी होतात, ही गंजणार नाही, हे दुसरे. दुसरे कारण अण्णा जगाला सांगत, पहिले आई सांगे. अंग खरोखरच गंजले नाही. खालचा सांगाडा मात्र पोलादाचा, तो गंजत राहिला. दर उन्हाळ्यात मोटारीखाली चटई टाकून, त्यावर उताणे झोपून, त्याला काळा रंग फासणे हा आमच्या सुट्टीतला गृहपाठ असे.

कारखानदारांना फायबरग्लासचा मोह का पडला, तेही थोडक्यात सांगतो. पोलादी पत्र्याचे बॉनेट दाबून काढायचे तर अजस्र यंत्रे आणि तितकेच महागडे ठसे लागतात. हजारो मोटारी खपणार असतील तरच तो खर्च अंगावर घ्यावा. फायबरला एक साचा, चार ब्रश आणि दोन माणसे पुरतात. काम मंद चालते, पण थोड्या मोटारी करायच्या असतील तर स्वस्त पडते. अमेरिकेत १९५३ साली शेवरोलेटने कॉर्व्हेट ही आपली शौकीन मोटार याच मार्गाने काढली. पहिल्या वर्षी फक्त ३००, आणि त्या सगळ्या पांढऱ्या. श्रीमंताची चैन म्हणून अमेरिकेत जे सुरू झाले, ते आपल्याकडे गरिबाची काटकसर म्हणून आले. दोन्हीकडे गोम एकच: साचा आहे तोवर सुटे भाग आहेत. साचा गेला की बॉनेट नावाची वस्तू बाजारात पैसे मोजूनही मिळत नाही.

आणि आमचे बॉनेट नारळाने फुटले.

कोकणात अशी समजूत आहे, की नारळाला डोळे असतात. तो माणसाच्या डोक्यावर पडत नाही. मोटारीबद्दल शास्त्रात काही सांगितलेले नाही. खळ्याच्या कडेचा माड पन्नास फूट तरी उंच. तेवढ्या उंचीवरून सुटलेली जड वस्तू जमिनीपाशी येताना ताशी साठ किलोमीटरच्या घरात वेग घेते. असोला नारळ दीड किलोचा धरला, तरी तो बॉनेटवर पडला म्हणजे नुसता पडत नाही, घुसतो. पत्र्याचे बॉनेट असते तर खोल खड्डा पडला असता. पत्रा वाकून मार पचवतो. फायबर वाकत नाही, लवते. लवते तोवर काही होत नाही, सोडले की होते तसे होते. मर्यादा ओलांडली की मात्र एकदम फाटते. आमच्या बॉनेटला तळहाताएवढे भोक पडले होते आणि त्याभोवती सूर्याच्या चित्रात मुले काढतात तशा चिरा पसरल्या होत्या. त्यांतली एक थेट कडेपर्यंत गेली होती.

इथे घरातली एक गोष्ट सांगणे भाग आहे. अण्णा तेव्हा एकोणऐंशी वर्षांचे होते. पुण्याची माझी बहीण आणि कोल्हापुरात प्राध्यापकी करणारा मी, आम्ही दोघेही गेली चार वर्षे त्यांनी मोटार चालवणे सोडावे म्हणून खटपट करत होतो. सांगून पाहिले, रागावून पाहिले, आईकडून म्हणवून पाहिले. "डोळे तपासलेत, पाय धड आहेत, आणि गावाबाहेर मी जात नाही," हे त्यांचे ठरलेले उत्तर. जे आम्हाला चार वर्षांत जमले नाही ते नारळाने एका क्षणात केले. बहिणीने फोनवर ऐकले आणि म्हणाली, "जाऊ दे ना आता. सुंठीवाचून खोकला गेला." मीही मनातून नारळाच्याच पक्षाचा होतो.

अडचण एकच झाली. मोटार गेली की अण्णा घरात बसतील, एवढेच आम्ही धरून चाललो होतो. ते घरात बसले ते असे, की खुर्ची खळ्याकडे पाठ करून मांडली. सकाळचा बाजार बंद. शुक्रवारी आईला घेऊन देवळात जाणे बंद. आठव्या दिवशी आई मला म्हणाली, "ती मोटार नीट करून आण, नाही तर दुसरा नवरा तरी आणून दे."

डिसेंबरात मोटारीच्या नोंदणीची मुदत संपत होती. पंधरा वर्षांनंतर ती दर पाच वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते, त्यासाठी मोटार तपासणीला न्यावी लागते. आणि शुल्क २०२२ सालीच सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर गेलेले. पन्नास वर्षे पुरी झालेल्या मोटारींना २०२१ सालच्या नियमांनी 'व्हिंटेज' म्हणून मान मिळतो. चाळीस वर्षांची मोटार मात्र नुसती म्हातारी. भोक पडलेले बॉनेट घेऊन तिला साहेबापुढे उभे करणे शक्य नव्हते. अण्णांनी स्वतःच मुदत घातली: खंडेनवमीला मोटारीची पूजा झाली तर ठीक, नाही तर भंगारवाल्याला बोलवा.

मी आधी गॅरेजे पालथी घातली. एका ठिकाणी कारागिराने न बघताच "वेल्डिंग मारून देतो" म्हणून सांगितले. दुसऱ्या ठिकाणी खालून पत्र्याचा तुकडा स्क्रूने बसवून वर लांबी भरायचे ठरले. लांबी म्हणजे रंगाऱ्याची ती भरणाची लुकण. हा इलाज ऐकायला बरा वाटतो, दिसायलाही महिनाभर बरा दिसतो. पण पत्रा आणि फायबर उन्हात सारखे फुगत नाहीत, आणि लांबीत धागा नसतो. नुसती भुकटी ती. मोटार धावू लागली, बॉनेट थरथरू लागले, की ती कडांनी सुटत जाते.

शेवटी मला रस्ता दाखवला तो समुद्राने. संध्याकाळी किनाऱ्यावर गेलो होतो. पहिली जून जवळ येत होती. त्या दिवसापासून जुलैअखेर यांत्रिक मासेमारी बंद असते, म्हणून होड्या वर ओढायची गडबड चालली होती. एका मांडवात एक फायबरची होडी पालथी घातलेली आणि तिच्या बुडाला पडलेल्या भोकात एक माणूस काहीतरी फासत होता. भोक आमच्या भोकाहून मोठे होते. आणि ती होडी आठ-दहा माणसे घेऊन समुद्रात जाणार होती!

हे मेस्त म्हणजे अण्णांचेच जुने विद्यार्थी निघाले. साठीच्या आसपासचे, अंगाने काटक, बोलणे मोजके. बाप-आजे लाकडी होड्या बांधत, हे फायबरच्या बांधतात. दुसऱ्या दिवशी ते घरी आले, अण्णांना "गुरुजीनू" म्हणून वाकून नमस्कार केला आणि खिशातून एक रुपयाचे नाणे काढून बॉनेटवर ठोकत बसले. टण्, टण्, टण्, थप्. जिथे 'थप्' आले तिथे खडूने खूण. कलिंगड घेताना आपण ठोकून बघतो तोच प्रकार. वरून भोक तळहाताएवढे दिसत होते; खडूची रेघ पुरी झाली तेव्हा तिच्या आत परात मावली असती. मेस्तांनी बॉनेट काढून उलटे केले आणि आतला पांढुरका डाग मला दाखवला. रेझिनाने काचतंतूंचा हात सोडला, की तेवढा भाग असा पांढरा पडतो. वरून अखंड दिसणारे, पण आतून सुटलेले.

"ह्या सगळा काढूचा लागतला," मेस्त म्हणाले.

"सगळे? चांगले दिसते आहे ते पण?"

"दिसता चांगला," ते म्हणाले. मग अण्णांकडे वळून, "गुरुजीनू, भोक बुजवूचा नाय. पत्रो परत वाढवूचो."

मी मराठी शिकवतो, त्यामुळे शब्दांपाशी थबकण्याची खोड आहे. आपल्या भाषेत दुरुस्तीला एक सरसकट शब्द नव्हताच मुळी. जसा पदार्थ तशी क्रिया. फाटक्या कापडाला ठिगळ लावतात, उंची वस्त्राला रफू करतात, भांड्याला डाख देतात, पितळेला कल्हई करतात, हाड सांधतात, घर शाकारतात, भिंत लिंपतात. 'दुरुस्त' हा पाहुणा फारशीतून आला आणि त्याने या सगळ्यांना घराबाहेर काढले. फायबरला यांतला कोणता शब्द लावावा? ठिगळ नव्हे, कारण ठिगळ वर बसते. डाख नव्हे, कारण काही वितळत नाही. मेस्तांचा 'वाढवणे' हाच शब्द अचूक. जखम भरताना कडेचे मांस वाढत वाढत मध्ये येते, त्या अर्थाचा.

आणि रेझिन म्हणजे तरी काय? आपली राळच. पूर्वी लाकडी होडीच्या फळ्यांच्या फटींत कापूस ठासायचा आणि वरून तेलात कढवलेली राळ भरायची. मेस्तांच्या आजोबांचा जन्म त्यात गेला. कापसाच्या जागी काच आली, झाडाच्या राळेच्या जागी कारखान्यातली राळ आली. धाग्याने ओढ सोसायची आणि राळेने धाग्याला जागेवर धरून ठेवायचे, ही कामाची वाटणी तीच राहिली. काचेचे बारीक तंतू काढून कापसासारखी लोकर करायची युक्ती अमेरिकेतल्या ओहायोत १९३० नंतरच्या दशकात साधली, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिला या नव्या राळेची जोड मिळाली. मेस्तांना मी हा इतिहास सांगितला, तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे माझ्या आज्याक आधीच म्हायत होता."

काम प्रत्यक्ष सुरू झाले ते मोडण्यापासून. रंग हाताने, काचकागदाने घासून काढला. रंग उतरवायचे बाजारी औषध वापरले तर ते रंगाबरोबर फायबरलाही खाते. मग खडूच्या रेघेच्या आतले सगळे सैल झालेले कापून काढले. भोक थाळीएवढे झाले. अण्णा तेवढ्यापुरते उठून आत गेले. मग भोकाच्या कडा आतल्या बाजूने घासत घासत उताराच्या करायच्या. बॉनेटची जाडी जेमतेम तीन मिलिमीटर, आणि हा उतार निदान तिच्या बारापट रुंद हवा. म्हणजे सगळीकडून साडेतीन-चार सेंटिमीटर. नवे थर या उतारावर बसतात आणि जुन्या प्रत्येक थराला जाऊन भिडतात. उतार न करता कडेला कड भिडवली तर सगळा भार एका रेघेवर येतो, आणि पहिल्या खड्ड्यात ती रेघ उकलते. ज्या चिरा मध्येच थांबल्या होत्या, त्यांच्या टोकाला बारीक छिद्र पाडले. चीर अणकुचीदार टोकाने पुढे सरकते. टोक गोल केले की तिचा जोर मोडतो.

यात काचेची धूळ उडते, तिच्याविषयी सावधगिरीचा शब्द सांगतो. नाकातोंडाला पट्टी हवीच, आणि अंगाला धूळ लागली तर चोळू नये. गार पाण्याने धुऊन टाकावी. मी दोन दिवस खाजवत होतो. मेस्तांना काही होत नव्हते.

बॉनेटच्या वरच्या अंगाला, भोकावर, मेणाचे चार हात दिलेला सनमायकाचा तुकडा वाकवून चिकटपट्टीने पक्का केला. हा तात्पुरता साचा. मग बॉनेट उलटे करून आतून थर द्यायचे. मॅट म्हणतात ती काचेची चटई. दोन-दोन इंचांचे तंतू अस्ताव्यस्त पसरून केलेली, चौरस मीटरला साडेचारशे ग्रॅम वजनाची. ती कात्रीने कापायची नाही, हाताने फाडायची. फाटलेल्या कडेचे तंतू विस्कटलेले राहतात आणि शेजारच्या थरात मुरतात. सर्वांत लहान तुकडा आधी, मग त्याहून मोठा, मग त्याहून मोठा. अशा एका थराने साधारण एक मिलिमीटर जाडी येते, म्हणजे तीन थर, आणि वरून सगळ्या चिरांना कवेत घेणारा एक पातळ थर.

रेझिन कालवणे हा या कामातला मंत्र. त्यात आधी ॲक्सिलरेटर जातो, तो नीट ढवळायचा, आणि मगच हार्डनर. हे दोघे एकमेकांना थेट भेटले तर भडका उडतो. मेस्त दोन्ही बाटल्या मांडवाच्या दोन टोकांना ठेवतात. हार्डनर डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, म्हणून चष्मा. शंभर ग्रॅम रेझिनाला मे महिन्याच्या उकाड्यात एक मिलिलिटर पुरे, थंडीत जास्त. कालवल्यापासून दहा-पंधरा मिनिटांत काम संपले पाहिजे. मग डबा हातात गरम होऊ लागतो आणि रेझिन दह्यासारखे विरजते. ब्रश भिंतीला रंग देताना ओढतो तसा ओढायचा नाही, टोचायचा. टोच टोच करून मॅटमधली हवा बाहेर काढायची. पांढरी मॅट भिजत भिजत पारदर्शक होत जाते आणि जिथे बुडबुडा राहिला तिथे पांढरा ठिपका दिसतो. शेवटच्या थरावर मेस्तांनी प्लॅस्टिकचा पातळ कागद घट्ट बसवला, कारण हवा लागली तर या रेझिनाचा वरचा पापुद्रा चिकटच राहतो.

दुसऱ्या दिवशी सनमायका सोडवली. बॉनेट अखंड होते! अण्णांनी त्यावर हात फिरवला, डोळे मिटून फिरवला, आणि म्हणाले, "रंग उद्याच देऊन टाक."

"नाय गुरुजीनू."

"का?"

"घाई तुमका आसा, रेझिनाक नाय."

या विद्यार्थ्याने गुरुजींना मग जे समजावून दिले त्याचे प्रमाण मराठीत तात्पर्य असे. रेझिन एका दिवसात घट्ट होते, पण पक्के होत नाही. पुढे कित्येक दिवस ते आत आत आक्रसत राहते. लगेच रंग दिला तर महिना-दोन महिन्यांनी, उन्हात तापल्यावर, दुरुस्तीची सबंध हद्द रंगातून वर उमटते. गावातल्या फायबरच्या कितीतरी वस्तूंवर अशी भुते मी नंतर पाहिली. एकदा ओळखता आली की ती सगळीकडे दिसू लागतात. तेव्हा मृग लागेपर्यंत बॉनेट रोज उन्हात पडून राहिले, आणि पाऊस सुरू झाल्यावर मेस्तांच्या माळ्यावर गेले. दमट हवेत नवा थर द्यायचा नाही, हाही त्यांचा नियम. ओल धरलेली मॅट रेझिनाला नीट धरत नाही.

तो पावसाळा अण्णांनी कसा काढला, ते आईलाच माहीत. आठवड्यातून दोनदा छत्री घेऊन मेस्तांच्या मांडवात जायचे, माळ्याकडे बघायचे, चहा घ्यायचा, परत यायचे. चालत. बहीण म्हणाली, त्यांची साखर उतरली म्हणे. नारळी पौर्णिमेला होड्या निघाल्या, मेस्त मोकळे झाले, गणपती गेले, आणि सप्टेंबरअखेरीस बॉनेट खाली आले. खरोखरच जुन्या-नव्याच्या सांध्यावर नखाला लागेल न लागेल अशी एक वळ उठली होती. मेस्तांनी ती काचकागदाने घासून काढली, पातळ लांबीचा एक हात फिरवला, आणि डाव्या कोपऱ्यातले एक जुने पाप उकरून काढले. तिथे पूर्वीच्या कोण्या कारागिराने बोटभर जाड लांबी भरून ठेवली होती. स्क्रूड्रायव्हर लावताच ती बिस्किटासारखी निघाली. तिथेही मॅट गेली.

खंडेनवमीला आठ दिवस उरले आणि मेस्त म्हणाले, रंगाला अजून तीन दिवस थांबा. या वेळी अण्णा रागावले. शाळेतल्या आवाजात रागावले. मेस्त ऐकून घेत उभे राहिले, आणि मग म्हणाले, "ह्येचो साचो काढून घेतंय."

मोटारीला दुसरे बॉनेट मिळणार नव्हते. मग हे आहे त्याच्यावरूनच साचा काढून ठेवला, तर पुढच्या नारळाची भीती नाही. आणि साचा रंग देण्याआधीच काढायला हवा, ताज्या रंगाला साच्याचे रेझिन खाते. अण्णा गप्प झाले. तीन दिवस मेस्तांनी बॉनेटला मेणाचे हात दिले, प्रत्येक हात वाळू द्यायचा आणि फडक्याने चकाकवायचा; मग त्यावर नव्या रेझिनाचे आणि मॅटचे थर, पाठीला आधार म्हणून लाकडाच्या पट्ट्या. साचा सुटला तेव्हा 'टक्' असा आवाज झाला. आत डॉल्फिनचे बॉनेट उलटे दिसत होते, नारळाचा मागमूस नसलेले.

रंग निळा दिला. चाळीस वर्षांच्या उन्हाने बाकीची मोटार ज्या निळ्याला पोहोचली आहे, त्याहून तो किंचित गडद आहे; दुपारी चारच्या उन्हात कळते. खंडेनवमीला कोयती, विळे, अण्णांची फूटपट्टी आणि डॉल्फिन यांची एकत्र पूजा झाली. झेंडूचा हार बॉनेटवर टाकताना अण्णांनी वर माडाकडे बघितले. मोटार आता माडापासून वीस पावलांवर, विहिरीच्या बाजूला उभी असते.

डिसेंबरात ओरोसला तपासणी झाली. तपासणाऱ्या साहेबांनी इंजिनाचा आणि सांगाड्याचा क्रमांक पाहिला, दिवे पाहिले, ब्रेक पाहिले, बॉनेटवर बोटाने ठोकले आणि विचारले, "हे पत्र्याचे नाही का?" अण्णांनी त्यांना टॅमवर्थपासून सुरुवात करून सगळे सांगितले. मागे आठ मोटारी खोळंबल्या होत्या. पाच वर्षांचा शिक्का मिळाला. येताना मात्र मोटार मी चालवली, अण्णांनी आपण होऊन किल्ली पुढे केली आणि कसालला चहा प्यायला थांबलो तेव्हा म्हणाले, "हायवेवर तू. गावात मी." चार वर्षे जो तह होत नव्हता तो चहाच्या टपरीवर झाला. बहिणीला हे कळवले तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही, मग तिने विचारले, "आणि गावात म्हणजे कुठपर्यंत?" ते अजून ठरायचे आहे.

मेस्तांनी मजुरी घ्यायला नको म्हटले. अण्णांनी ती पाकिटात घालून, पाकिटावर 'शैक्षणिक खर्च' असे लिहून त्यांच्या मुलाकडे दिली. साचा त्यांच्याच मांडवात भिंतीला टेकून ठेवलेला असतो. मागच्या उन्हाळ्यात बेळगावकडचे एक डॉल्फिनवाले त्याची चौकशी करत येऊन गेले, माप घेऊन गेले, पुन्हा येतो म्हणाले. तोवर मेस्तांच्या दोन कोंबड्यांनी तो ताब्यात घेतला आहे. आत काथ्या पसरलेला आहे, आणि मेस्त त्यांना हाकलत नाहीत. गिऱ्हाईक आले की मेणाचा एक हात जास्त द्यावा लागेल, एवढेच म्हणतात.